राह्यलं का काही?

या माणसाचं आडनाव मी सांगणार नाही. मला ते माहीत आहे. कपाटातल्या एका फाइलमध्ये, त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं आहे. पण इतक्या वर्षांत इथल्या ज्या ज्या मराठी माणसाला मी त्यांच्याबद्दल सांगायला गेले, त्याने तिसऱ्या वाक्याला मला थांबवून विचारलं, "आडनाव काय म्हणालीस?" ते कळल्याशिवाय आपल्या लोकांना पुढची गोष्ट ऐकवतच नाही. म्हणून आडनाव वगळूनच सांगते. सगळे त्यांना शेफ म्हणायचे, मीही तेच म्हणते.

मी आले त्या वर्षांत मेलबर्नमध्ये कुकरीच्या कॉलेजांचं पेव फुटलं होतं. एकाच इमारतीत खाली मोबाइलचं दुकान, पहिल्या मजल्यावर हेअरड्रेसिंग आणि दुसऱ्यावर कुकरी. घरी ज्यांनी कधी चहाचं आधण ठेवलं नव्हतं अशी मुलं पांढरे कोट घालून ट्रेनने फिरत होती. मीही त्यातलीच, पुण्याची बीकॉम. स्वयंपाकाचं प्रेम कुणालाच नव्हतं, पीआरचं, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याचं होतं. पीआरसाठी कोर्सबरोबर नऊशे तास एखाद्या किचनमध्ये काम केल्याचं पत्र लागायचं. असली पत्रं विकतही मिळायची आणि कुठे मिळतात ते सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्याकडे तेवढे पैसे नव्हते. प्रामाणिकपणा वगैरे मला नंतर सुचला.

कोर्स संपला तेव्हा माझे निम्म्याहून जास्त तास राहिले होते. बरोबरच्या पंजाबी मुलाने सांगितलं की डोंगरावर, बर्फाच्या गावात, एका लॉजचा शेफ मराठी आहे आणि सीझनपुरती माणसं घेतो. "लेकिन मेंटल है यार," तो म्हणाला. "एक मिनट एक्स्ट्रा नहीं लिखता."

जूनमध्ये, म्हणजे इथली थंडी सुरू होताना, मी बसने वर गेले. स्टॉपवर कानटोपी घातलेला, काटकुळा, पन्नाशीचा माणूस उभा होता. हातात हातमोजे नव्हते, पायमोजे होते. बोटं एकमेकांना धरून बसली की गरम राहतात, असं त्यांचं म्हणणं होतं. मी माझं नाव सांगितलं, आपण सांगतो तसं पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मग विचारलं, "आणि तुमचं?"

"शेफ."

"नाही, म्हणजे पूर्ण नाव?"

"पूर्णच सांगितलं."

गाडीत बसल्यावर मी पुन्हा विचारलं. खोटं कशाला बोलू, मला राहवत नव्हतं. "पण आडनाव काय तुमचं?"

त्यांनी काचेबाहेर बोट दाखवलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना छातीएवढा बर्फ होता. "त्याच्याखाली आहे," ते म्हणाले. "ऑक्टोबरात वितळलं की दिसेल."

मला वाटलं, विनोद केला. मी हसले. ते हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही, कायम 'पुणेकर' म्हणाले.

लॉज बारा खोल्यांचं होतं. मालक मेलबर्नला राहायचा आणि महिन्यातून एकदा वर यायचा. बाकी सगळं शेफच्या अंगावर. शेफ स्वतः नागपूरचे, पंचवीस वर्षांपूर्वी या देशात आलेले, पण बोलणं अजून तिकडचंच. रिसेप्शनमध्ये त्यांची एक छोटी बुद्धमूर्ती होती. पाहुण्यांना ती सजावट वाटायची आणि स्कीइंगहून आले की ते तिच्या डोक्यावर गॉगल अडकवून ठेवायचे. शेफ दिवसातून चार वेळा ते गॉगल उचलून बाजूच्या टोपलीत टाकायचे. पाहुण्यांना काही म्हणायचे नाहीत, मूर्तीची जागाही बदलायचे नाहीत. मी एकदा म्हटलं की मूर्ती तुमच्या खोलीत का नाही ठेवत. "मी उचलून थकलो की ठेवीन," ते म्हणाले. चार महिन्यांत मी त्यांना थकलेलं पाहिलं नाही.

दिवस किचनमध्ये सुरू होत नसे, तो ड्राइव्हवेच्या टोकाला सुरू होई. पहाटे स्नोप्लाव रस्ता मोकळा करत जायचा आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी ढकलून जायचा. गुडघ्याएवढा ढिगारा. त्यात आदल्या दुपारी गाड्यांच्या चाकांखाली भिजलेला चिखल-बर्फ रात्रभर गोठून दगड झालेला असायचा. हा ढीग काढल्याशिवाय शेफ मला एप्रन बांधू द्यायचे नाहीत. आणि एप्रन बांधल्याशिवाय तास सुरू व्हायचे नाहीत. म्हणजे रोजचा पाऊण तास फुकट. पहिल्या आठवड्यात मी त्यावर वाद घातला.

"हे कुकरीत येतं का?" ते म्हणाले.

"नाही."

"मग पत्रात कसं लिहू?"

"मग मी कशाला करू?"

"मी करून राहिलो म्हणून."

पंजाबी मुलाचं म्हणणं मला पटलं.

बर्फाला त्यांनी किचनमधली नावं दिली होती. रात्री नुकता पडलेला, कोरडा, तो रवा. दुपारचा पाणी सुटलेला तो शिरा. आणि ड्राइव्हवेच्या टोकाशी गोठलेली ती चिक्की. रवा कुणीही उचलेल, खरी परीक्षा चिक्कीची. मी नवी असताना फावडं डोक्यावरून आणून मध्यभागी हाणायचे. हाताला झिणझिण्या यायच्या आणि बर्फाला ओरखडाही पडायचा नाही. शेफ फावड्याच्या पाठीने ढिगाला हळूहळू ठोकत जायचे, कान लावून. कुठेतरी आवाज बद्द यायचा. तिथे खाली पोकळी. तिथे फावड्याचं टोक सरकवून, पायाने दाबून एक वीतभर वर उचललं की हातभर लादी अखंड सुटायची. मग ती उचलून आमच्याच बाजूला ठेवायची. समोरच्या किंवा शेजारच्या हद्दीत एक ढेकूळ गेलेलं त्यांना खपायचं नाही. मीठ टाकायचे नाहीत, कारण टोकाला एक जुनं स्नोगमचं झाड होतं आणि त्याच्या मुळांना ते चालणार नाही. वर बादलीभर बारीक खडी पसरायची. मग चार पावलं मागे सरकून ते सगळ्याकडे एकदा बघायचे आणि मला विचारायचे, "राह्यलं का काही?"

मी म्हणायचे, "नाही शेफ." मगच आत.

मला आधी वाटायचं हे सगळं गाड्यांसाठी. गाड्यांसाठी नव्हतं. "गाड्यांच्या चाकांना चेन असतात," ते म्हणाले, "सिस्टरला काठी आहे."

सिस्टर म्हणजे शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या बाई. जन्मभर नर्स होत्या, नवरा गेल्यावर एकट्या राहायच्या. मुलगी खाली शहरात होती आणि आईने खाली यावं म्हणून दर रविवारी फोनवर भांडायची. सिस्टर रोज सकाळी आठ वाजता काठी टेकत ड्राइव्हवेच्या टोकावरून आमच्याकडे यायच्या, शेफच्या भट्टीतला पहिला ब्रेड न्यायला. "मॉर्निंग, लव्ह," मला म्हणायच्या. शेफना त्या नुसतं 'मेट' म्हणायच्या. बदल्यात कधी लिंबाचं लोणचं, तेही त्यांच्या पद्धतीचं, गोडमिट्ट. शेफ ते त्यांच्यासमोर चाटून खायचे आणि नंतर घोटभर पाणी प्यायचे. आषाढी पौर्णिमेला शेफनी खीर केली आणि वाटी घेऊन स्वतः त्यांच्या दारात गेले. मी ती खीर पाहिली, बुद्धमूर्ती पाहिली, नागपूर आठवलं आणि माझ्या मनाने हिशेब मांडलाच. आडनावाचा नाद मात्र तरीही सुटला नव्हता.

ऑगस्टच्या मध्यावर शेफची पाठ धरली. पहाटे ते किचनच्या दारात एका हाताने चौकट धरून उभे होते. "आज तू एकटी," ते म्हणाले. "घाई करू नको. बद्द आवाज ऐकू आला पाहिजे."

त्या दिवशी उणे सहा होतं. चिक्की अशी बसली होती की मी वीस मिनिटं ठोकत राहिले आणि सगळीकडून एकच आवाज आला. बोटं बधिर झाली, रडू यायला लागलं. तेव्हा मला घरची अक्कल सुचली. आपल्याकडे काहीही चिकटलं, गोठलं, अडलं की त्यावर गरम पाणी. स्टाफच्या रात्रीच्या डाळीचं मोठं खरकटं पातेलं भिजत घातलेलं होतं. ते वरवर विसळलं, त्यात पाणी उकळलं आणि तीन खेपांत ते टोकाला ओतलं. ढीग लोण्यासारखा खचला. उरलेला मी फावड्याने सहज बाजूला केला. खाली काळाभोर डांबरी रस्ता चकचकीत ओला दिसत होता. इतका स्वच्छ मी तो कधीच पाहिला नव्हता. खडीची बादली कोपऱ्यात होती. एवढ्या स्वच्छ जागेवर खडी कशाला, असं वाटून मी ती तशीच ठेवली.

आत आले तर शेफ भट्टीसमोर वाकून ब्रेड काढत होते. "राह्यलं का काही?"

"नाही शेफ," मी म्हणाले, आणि तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

आठ वाजता सिस्टर पडल्या. आवाज काठीचा आला, त्यांचा नाही. मी धावत गेले तर त्या टोकाशी आडव्या होत्या आणि त्यांच्याखाली माझं गरम पाणी काचेसारखं गोठलेलं होतं. शेफ पाठ विसरून तिथे बसले, अंगातलं जॅकेट काढून त्यांच्या डोक्याखाली दिलं. सिस्टर नर्सच होत्या. त्यांनी स्वतःच सांगितलं, "हिप. डोन्ट मूव्ह मी, मेट." ॲम्ब्युलन्स यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ शेफ त्यांचा हात धरून त्याच बर्फावर बसले होते.

त्यानंतर सिस्टर वर आल्या नाहीत. मुलगी त्यांना तिच्याकडे घेऊन गेली आणि घराच्या खिडक्यांना आतून चादरी लागल्या.

दुसऱ्या दिवशी मालक आला. किचनमध्ये मी एकटी कांदे चिरत होते. त्याने शांतपणेच विचारलं, काल सकाळी ड्राइव्हवे कुणी केला होता? माझे अडीचशे तास राहिले होते. त्याने काढून टाकलं तर सीझनच्या मध्यात दुसरं किचन मिळणार नव्हतं, आणि व्हिसा ऑक्टोबरच्या शेवटापर्यंतच होता. घरी वडिलांनी फ्लॅट गहाण टाकलेला. हे सगळं मी आज सावकाश मांडते आहे, तेव्हा एका श्वासात तोंडातून गेलं, "क्लीनिंग इज शेफ्स जॉब. आय ॲम किचन."

मालक मान हलवून निघून गेला. मी वळले तर कोल्डरूमच्या दारात शेफ उभे होते, हातात बटरचा खोका. त्यांनी खोका ओट्यावर ठेवला आणि पीठ मळायला घेतलं.

दुपारी त्यांनी मला टोकाला बोलावलं. गोठलेल्या पाण्याची काच त्यांनी एकट्याने फोडून काढली होती. एक तुकडा त्यांनी उचलून माझ्या हातावर ठेवला. उन्हात तो फिकट पिवळा दिसत होता. माझं पातेलं नीट विसळलेलं नव्हतं.

"हळद," शेफ म्हणाले. एवढंच.

त्यानंतर मी वाट पाहत राहिले की ते ओरडतील, मालकाला सांगतील, मला जायला सांगतील. काहीच झालं नाही. पहाटे फावडी निघायची, लाद्या उचलायच्या, खडी पडायची. ब्रेड न्यायला कुणी येणार नव्हतं तरी टोक तसंच निघत होतं. एकदा मी चिडून म्हणाले, "आता कुणासाठी, शेफ?"

ते थांबले. फावड्यावर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी त्यांच्या आईबद्दल सांगितलं, पहिल्यांदा आणि शेवटचं. आई तीस वर्षं नागपुरात रस्ते झाडायची. यांनी झाडू हातात धरला तर हातावर मारायची. म्हणायची, माझ्यापाशी संपू दे.

"अजून फोनवर विचारते, काय करतोस बाबा? मी सांगतो, ब्रेड करतो. फावड्याचं नाही सांगत." मग म्हणाले, "माझी आई झाडायची तर तिला कुणी विचारलं नाही, कोणाचं दार आहे, कोण येणार आहे. नुसतं झाड. मी हे झाडत नाही. मी वाट काढतो. वाट कोणाच्या तरी नावानं काढतात. सिस्टर नाही तर तिची पोरगी येईल घर पाहायला. कोणी तर येईल." ढिगाकडे बघून ते पुढे बोलले, "त्या दिवशी तू क्लीनिंग म्हणाली. बर्फ काही घाण नसते, पुणेकर."

मला रडू कोसळलं. मी म्हटलं, "सॉरी शेफ."

"मला कामून?" त्यांनी शेजारच्या घराकडे हनुवटी केली. "तिकडे लिही."

मी सिस्टरना लिहिलं. चार ओळी लिहायला मला तीन दिवस लागले. पाणी मी ओतलं, खडी मी टाकली नाही, असं स्पष्ट लिहिलं. त्यांच्या मुलीकडून कार्ड आलं, त्यात खाली सिस्टरच्या थरथरत्या अक्षरात, 'नो वरीज, लव्ह. टेल हिम आय मिस द ब्रेड.' कार्ड शेफनी दोनदा वाचलं आणि भट्टीच्या वर टाचलं. पण मालकाला मी काही सांगितलं नाही. माझ्या तासांचं पत्र हातात पडेपर्यंत सांगायचं नाही, असं मी स्वतःशी ठरवलं होतं. रोज सकाळी चार पावलं मागे सरकून शेफ विचारायचे, "राह्यलं का काही?" आता ते विचारताना बर्फाकडे बघत नसत, माझ्याकडे बघत. जरा जास्तच वेळ. मला वाटायचं पाठ दुखते म्हणून थांबतात.

"नाही शेफ," मी रोज म्हणायचे.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ड्राइव्हवेच्या कडेचा शेवटचा ढीग वितळला आणि खालून आमचीच जूनपासूनची खडी निघाली. शेफनी ती झाडून पुन्हा बादलीत भरली. बस यायच्या आधी त्यांनी मला पत्र दिलं. तास अचूक होते, अर्ध्या तासापर्यंत. भात चांगला करते, सुरी जपून वापरते, असं लिहिलं होतं. खोटं एक अक्षर नव्हतं. खाली सही, आणि सहीखाली स्वच्छ मोठ्या अक्षरात त्यांचं पूर्ण नाव. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

ते वाचून माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'अच्छा.' ज्या माणसाने माझं आयुष्य कागदावर लिहून दिलं, त्याचं नाव वाचून मी मनात 'अच्छा' म्हणाले. त्याची मला आजही लाज वाटते. मी वर पाहिलं तेव्हा ते माझ्याकडेच बघत होते.

"दिसलं?" ते म्हणाले.

"हो."

"राह्यलं का काही?"

बस आली होती. मी म्हणाले, "नाही शेफ."

पुढच्या जूनला ते त्या लॉजवर गेले नाहीत, असं कळलं. मी समजून चुकले की माझ्या त्या वाक्याने त्यांची नोकरी घालवली. पीआर झाला, लग्न झालं, मेलबर्नच्या ट्रुगानिना उपनगरात घर झालं, एका एज्ड केअरच्या, म्हणजे वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये मी आता शंभर जणांचा स्वयंपाक बघते. सिटिझनशिपचा समारंभ झाला त्या आठवड्यात मी मालकाला ईमेल लिहिली. आता माझं कुणी काही करू शकत नव्हतं, तेव्हा कुठे धीर झाला, हेही त्यात लिहिलं. पाणी मी ओतलं होतं. शेफचा दोष नव्हता.

दोन दिवसांनी उत्तर आलं. मालकाने लिहिलं होतं की हे त्याला त्याच दिवशी ठाऊक झालं होतं. नंतर त्याने शेफना बाहेर गाठून विचारलं, आणि शेफनी जे होतं ते सांगितलं, हळदीसकट. त्याने मला संध्याकाळच्या बसने पाठवायचं ठरवलं होतं. शेफ म्हणाले, तिचे तास पुरे होऊ दे. आणि तू तिला काही विचारू नकोस, ती आपणहून सांगेल. पुढच्या वर्षी त्यांनीच काम सोडलं. सिस्टरचं घर विकलं गेलं होतं आणि आता डोंगरावर राहायचं त्यांच्या मनात नव्हतं. नंतरचा पत्ता मालकाकडे नाही.

मी ती ईमेल स्वयंपाकघरात उभी राहून वाचली. मुलगी विचारत होती, "ममा, व्हाय आर यू क्राइंग?" मी दिवस मोजत होते. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, सुट्टी न घेता, रोज सकाळी एकदा. पन्नासच्या आसपास होतात. तितक्या वेळा त्या माणसाने माझ्यासाठी वाट काढून दिली, चार पावलं मागे सरकून उभा राहिला आणि विचारलं. आणि तितक्या वेळा मी नाही म्हणाले.